आल्याचं प्रवाळ
चहासाठी आलं ठेचलं की मला जयनगरचा स्विमिंग पूल आठवतो. समुद्रात प्रवाळ लावायला निघालेल्या आम्हा स्वयंसेवकांचा सराव तिथे चालायचा. पाठीवर सिलेंडर घेऊन खाली जायचं आणि लोखंडी जाळीवर प्लास्टिकच्या पट्टीने आल्याचे तुकडे बांधायचे. आल्यालाही प्रवाळासारखीच बोटं फुटलेली असतात आणि तीही तशीच पटकन मोडतात. ज्याचं आलं मोडेल किंवा सुटेल त्याला समुद्रावर नेणार नाही, असं शिकवणाऱ्या बेळगावच्या अक्कांनी बजावलं होतं. सुई ओवताना धरतात तसा मी श्वास धरला आणि हातातल्या आल्यासकट फुग्यासारखी वर आले. सगळे हसले. "श्वास कोंडू नको गं, स्वल्प स्वल्प सोडत राहा," अक्का म्हणाल्या, "मग पाणीच तुला धरतं." मी पुन्हा खाली गेले, बुडबुडे सोडत जाळीवर अधांतरी राहिले आणि पट्टी आवळली. अक्कांनी खाली येऊन जाळी गदागदा हलवली. आलं जागचं हललं नाही. काल लक्षद्वीपहून फोटो आला. मी समुद्रात बांधलेलं प्रवाळ इतकं वाढलंय की त्याने पट्टीच गिळून टाकलीय. आता अक्का, जाळी हवी तेवढी हलवा.