मास्क माझ्याच हातात

मलकापूरला एका लग्नात जेवणाच्या पंगतीत शेजारच्या आजींनी माझ्या पोटाकडं बघून विचारलं, "पोरी, कितवा म्हैना?" मी तेव्हा पंचेचाळीस वर्षांची होते. "सातवा," असं सांगून मी जिलेबी वाढून घेतली. खरं सांगायला फार वेळ लागला असता.

जुळ्या मुलींच्या वेळी माझ्या पोटाचे स्नायू मधोमध फाकले, ते पुन्हा जुळले नाहीत. मुली आता पुण्यात शिकतात, पण पोट तिथंच राहिलं. बेंबीपाशी हर्निया झाला, आणि खाली लोंबणाऱ्या कातडीच्या घडीत उन्हाळाभर चट्टे उठत. मी शाळेत मराठी शिकवते. फळ्यावर वरच्या ओळी लिहायला हात उंचावला की दुसऱ्या हातानं पोट सावरायची सवय मला लागली होती.

सांगलीच्या सर्जननी तपासून सांगितलं, "हर्निया दुरुस्त करतानाच स्नायू शिवून घेऊ आणि जादा कातडी काढू. आधी भूल देणाऱ्या मॅडमना भेटून या."

ऑपरेशनची मला भीती नव्हती, भुलेची होती. नऊ वर्षांची असताना माहेरच्या मेढ्याहून मला साताऱ्याला टॉन्सिल काढायला नेलं होतं. दोघांनी हात धरले, एकानं पाय, आणि तोंडावर काळा रबरी मास्क दाबला. तो गोडसर, उग्र वास मला अजून आठवतो. मी ओरडत होते आणि माझा आवाज मलाच लांबून ऐकू येत होता. पुढं मुलींच्या वेळी सिझेरियनला पाठीत इंजेक्शन दिलं. ते बरं होतं, पण नंतर चार दिवस डोकं असं दुखलं की दोन तान्ह्या पोरींना घेऊन उठून बसता येईना. म्हणजे झोपवायचं म्हटलं तरी भीती, जागं ठेवायचं म्हटलं तरी भीती.

भुलेच्या मॅडमना भेटायला गेले त्या दिवशी शेतात ऊसतोड चालू होती, म्हणून नवरा अडकला होता. माझ्याबरोबर सासूबाई आल्या. त्यांना आम्ही आत्या म्हणतो.

भूलतज्ज्ञ मॅडम माझ्यापेक्षा लहान असतील. त्यांनी दमा आहे का, घोरता का, कवळी आहे का, सगळं विचारलं. मग म्हणाल्या, "तंबाखू? मिश्री?"

"नाही," मी म्हणाले.

आत्यांनी पदर सारखा केला. "आवं डॉक्टरीणबाई, लावती ती मिश्री. रोज पहाटं, मोरीचं दार लावून."

माझे कान तापले. माहेरी आईच्या डबीतून लागलेली ती सवय मी एकवीस वर्षं सासरी लपवली होती. नवऱ्यालाही माहीत नव्हती. "आत्या, तुम्हाला कवापासून माहीत?" मी विचारलं. घाबरले की माझ्या तोंडात घरची भाषा येते.

"तू आलीस त्या सालापासनं. मी बी लावतीच की. वास वळकत न्हाई व्हय मला?"

मॅडम हसल्या नाहीत. "बरं झालं सांगितलंत. तंबाखूनं रक्तपुरवठा कमी होतो, ताणून शिवलेली कातडी नीट भरत नाही. भुलेत छातीलाही त्रास होतो. चार आठवडे पूर्ण बंद करा, मगच तारीख देऊ."

मग त्यांनी कागदावर पोटाचं चित्र काढून भुलेचे पर्याय समजावले. नुसती जागेवर भूल द्यायची तर स्नायू शिवायचे असल्यानं ती इथं पुरणार नाही. पाठीतून भूल देता येईल, बारीक नळी ठेवून भूल लांबवता येईल, सोबत गुंगीचं औषधही देता येईल. तेव्हा डोकं दुखलं म्हणून आता दुखेलच असं नाही. पण टाके थेट बरगड्यांपर्यंत जाणार, तिथं ओढ जाणवू शकते, आणि तीन तास उताणं पडून राहावं लागेल. तिसरा पर्याय पूर्ण भूल. झोप लागल्यावर घशात श्वासाची नळी, आणि जाग आल्यावर दुखू नये म्हणून पोटाच्या भिंतीत दोन्ही बाजूंना वेगळी इंजेक्शनं.

"तुमच्या तब्येतीला दोन्ही चालतील," त्या म्हणाल्या. "मी असते तर पूर्ण भूल घेतली असती. पण तुम्हाला कसली भीती वाटते ते आधी सांगा."

साताऱ्याची गोष्ट मी तोपर्यंत कुणालाच सांगितली नव्हती. त्यांना सांगितली. त्यांनी पेन खाली ठेवलं. "आता झोपेचं औषध शिरेतून देतात. मास्कमधून त्याआधी फक्त ऑक्सिजन येतो. असं करू, मास्क तुम्हीच धरा. नको वाटला तर बाजूला करा, मी थांबेन."

बसस्टँडवर उसाचा रस पिताना मी आत्यांना सांगितलं, पूर्ण भूल घेते. त्या म्हणाल्या, "घे. आन् मिश्री आपन दोघी मिळून सोडू. तू एकटी सोडशील तर माझी डबी बघून तुला हुक्की येईल." पंचावन्न वर्षांची सवय होती त्यांची. घरी आल्याबरोबर त्यांनी डबी परसात नेऊन रिकामी केली. पुढचे चार आठवडे आम्ही दोघी बडीशेप चघळत एकमेकींवर चिडचिड करत होतो. नवऱ्याला कारण सांगावंच लागलं. तो इतका हसला, की आम्ही दोघींनी मिळून त्याला बाहेर घालवलं.

ऑपरेशनच्या सकाळी टेबलावर मॅडमनी मास्क माझ्या हातात दिला. तो पारदर्शक होता, हलका, त्याला वास जवळजवळ नव्हताच. मी तो नाकाजवळ नेला, लांब केला, पुन्हा नेला. कुणी घाई केली नाही. तिसऱ्यांदा मी तो स्वतःच तोंडावर टेकवला. "छान. आता मुलींबद्दल सांगा," मॅडम म्हणाल्या. "मोठी चार मिनिटांनी मोठी..." इथवर मला आठवतं.

जाग आली तेव्हा घसा खवखवत होता, पोटावर घट्ट पट्टा होता, आणि दुखणं होतं पण लांबचं, शेजारच्या घरातलं असावं तसं. नर्स म्हणाली, "मॅडम, गुंगीत तुम्ही आमची हजेरी घेत होतात. डॉक्टरांना गैरहजर लावलंत." आत्या पायाशी बसून होत्या. त्यांनी माझ्या तळव्याला हात लावला आणि म्हणाल्या, "आलीस?"

पंधरा दिवस मी वाकूनच चालत होते, कारण कातडी ताणलेली. अंगणात वयानं आत्याही वाकून चालत. नवरा पुण्याला मुलींना फोनवर म्हणाला, "तुमच्या दोन आज्या मजेत हायत." पोटावर आता एका कुशीपासून दुसऱ्या कुशीपर्यंत वण आहे. आंघोळीच्या वेळी त्यावरून हात फिरतो आणि मला तो आवडतो. हात उंच करून मी फळ्याची वरची ओळ लिहिते.

गेल्या महिन्यात आत्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. तीन वर्षं त्या टाळत होत्या. तपासणीला मी बरोबर गेले, पण मला बोलायला मिळालंच नाही. खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी डॉक्टरांना विचारलं, "आवं, भूल कंची देनार? समदं इस्कटून सांगा. मग मी ठरवती."