दुलारीची बासी

मंडळी, आज सकाळपासून मन लागत नाही.

माझी बायको दुलारी गेल्यावरचा हा पहिला उन्हाळा. तिचे आईवडील छत्तीसगडहून शेलूबाजारला वीटभट्टीवर आले आणि इथेच राहिले. आम्हाला ती भाकरी करी. स्वतः मात्र रात्री पाण्यात ठेवलेला भात सकाळी मीठ-कांद्यासोबत खाई. त्याला ती बासी म्हणे. आधी मुलं, मग नातवंडं तिच्याच वाटीत हात घालत. तिला बऱ्याचदा नुसतं पाणीच उरे.

काल नात पुण्याहून आली. तिला आजीची बासी हवी होती. मी भात भिजवला, पण गरमीत नासेल, पोरगी आजारी पडेल, म्हणून फ्रिजमध्ये ठेवला.

सकाळी तिने घास घेतला आणि हसली. "आबा, हा तं नुसता थंडा भात हाय. आंबलाच नाही!"

"मले भेव वाटलं, माय."

"आजी म्हणाली असती, कायले भेता जी?"

खरंच, ती असंच म्हणायची.

नात उद्या जाणार. आज पातेलं ओट्यावरच ठेवलं आहे आणि मी सारखं झाकण उघडून पाहतो आहे. किती आंबट वास आला म्हणजे बासी चांगली झाली? कोणाला माहीत असेल तर सांगा. ती रोज घरात होती, म्हणून मी कधी विचारलंच नाही.