गाडीला अर्थ नाही

ब्रेक दाबला की हॉर्न वाजायचा. उजवा इंडिकेटर दिला की वायपर फिरायचा. हेडलाइट लावला की केबिनमधल्या गणपतीमागचा लाल दिवा भुताने पछाडल्यासारखा उघडझाप करायचा. आणि सेल्फ मारला की इंजिनाच्या पोटातून फक्त ‘टक्’. सेल्फ म्हणजे इंजिनाला पहिला धक्का देऊन जागं करणारी मोटर. ती जागं करायचं सोडून नुसती जीभ टाळ्याला लावत होती.

मी पिकअपच्या खाली उताणा पडलो होतो. तिथून मला एका प्लास्टिकच्या खुर्चीचे चार पाय दिसत होते आणि त्यांच्यामध्ये लालजीभाईंच्या चपला.

लालजीभाई भंगारवाले. चहा पीत बसले होते.

“आरामात करा साहेब,” ते म्हणाले. “मला काय घाई नाय.”

भंगारवाल्याला घाई नसणं यासारखी भीतीदायक गोष्ट आमच्या धंद्यात नाही.

माझी ओळख करून देतो. महाप्याच्या एका वर्कशॉपमधून मी सुपरवायझर म्हणून रिटायर झालो. पिकअप, टेम्पो, छोटे ट्रक, सगळा माल वाहणारा संसार. मूळचा साताऱ्याकडचा, राहायला जुईनगरला. माझ्या हाताखालून गेलेल्या गाड्या एकीमागे एक उभ्या केल्या, तर रांगेचं शेपूट खोपोलीचा घाट चढून जाईल. बायको म्हणते, तुर्भ्यापर्यंत पुरली तरी देव पावला. हल्ली मी होम व्हिजिट करतो. डॉक्टरांनी ती बंद केली, तेव्हा कुणीतरी चालू ठेवायला हवी होती.

ही व्हिजिट शिरवण्यातल्या हिराजीशेठची. हा माणूस तिथला मूळ गावकरी. शेतं गेली, त्या जागी बिल्डिंगी आल्या, त्यातल्या काही खोल्यांचं भाडं याला येतं. म्हणजे सकाळी उठून करायला काही नाही. मग हा उठतो तो थेट गाडीखाली जातो. ऑइल स्वतः बदलतो, ग्रीस स्वतः भरतो, टायरच्या खाचेतले खडे सुईने काढतो. जुनी पिकअप आहे. एवढी जुनी, की तिच्या वयाच्या बाकीच्या पिकअपच्या आता कढया झाल्या असतील.

हिराजीशेठचा हट्ट एकच होता. मुलीचं, प्रणालीचं, लग्न त्याच आठवड्यात होतं.

“सायेब, हिला दवाखान्यातशी घरा आनली ती या गारीन,” तो मला म्हणाला. “सासरला बी याच गारीन जाईल. मी सोता सोराला जानार हाय.”

हिराजीच्या बायकोचा, जनावहिनींचा, हट्ट त्याहून सोपा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात मांडव घालायचा होता आणि बरोबर मांडवाच्या मधोमध ही गाडी मरून पडली होती.

“सांजपर्यंत चालू झायली तर झायली,” वहिनींनी दारातूनच जाहीर केलं. “नाय तर लालजीभाई नेतील. मी त्यांना चहा बी दिलाय.”

माझ्या आधी चार जण येऊन गेले होते. पहिल्याने बॅटरी बदलली. दुसऱ्याने सेल्फ बदलला. तिसऱ्याने गाडीची अख्खी वायरिंग उपटून नवीन टाकली, तरी ब्रेक दाबला की हॉर्न वाजतच होता. चौथ्याने गाडीला लिंबू-मिरची बांधली आणि व्हिजिटचे पैसे घेऊन गेला. हे ऐकून मी गाडीखाली इतका हसलो की माझं डोकं सायलेन्सरला आपटलं. तो चौथा माणूस काय हुशार होता, हे मला पुढे कळायचं होतं.

आता थोडं शिकवतो. घरातल्या दिव्याला दोन वायरी लागतात, एक करंट आणणारी आणि एक परत नेणारी. गाडीत दिव्यापर्यंत एकच वायर जाते. परतीचा रस्ता म्हणजे गाडीचं लोखंड. चेसिस, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, हीच परतीची वायर. बॅटरीची निगेटिव्ह केबल या चेसिसला एका बोल्टने आवळलेली असते. त्या जागेला आम्ही लोक ‘अर्थ’ म्हणतो. ती जागा बिघडली, की करंटला घरी जायचा रस्ता सापडत नाही. मग तो दिसेल त्या गल्लीत घुसतो. हायवे तुंबला की पनवेलला निघालेले लोक शिरवण्याच्या बोळात शिरतात आणि भलत्याच्याच दारात हॉर्न मारत बसतात, अगदी तसंच. ब्रेकचा करंट हॉर्नच्या घरातून, इंडिकेटरचा वायपरच्या घरातून. दोष ना हॉर्नचा, ना वायपरचा.

मी बोल्ट बघितला. नवीकोरी केबल, घट्ट आवळलेला बोल्ट, गंजाचा ठिपका नाही. इतका देखणा अर्थ मी जन्मात पाहिला नव्हता. तिथेच मला संशय आला. जुन्या गाडीत काहीतरी देखणं दिसलं की समजायचं, इथे कुणीतरी हात घातलाय.

वर आलो. माझ्या गाडीच्या डिकीतून जाड जम्पर केबल काढली. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला लावलं, दुसरं थेट इंजिनाच्या उघड्या लोखंडाला.

“शेठ, सेल्फ मारा.”

हिराजीशेठने चावी फिरवली आणि गाडीने अशी डरकाळी फोडली की नेरूळच्या खाडीतले फ्लेमिंगो हंगाम अर्धा टाकून उडाले असणार. ब्रेक दाबला, हॉर्न गप्प. इंडिकेटर दिला, वायपर झोपलेला. लालजीभाईंनी चहाचा कप खाली ठेवला.

गाडी बंद केली. जम्पर काढला. पुन्हा सेल्फ. ‘टक्.’

लालजीभाईंनी कप उचलला.

“निदान झालं,” मी हात पुसत म्हणालो. “शेठ, तुमच्या गाडीला अर्थ नाही.”

दारातून वहिनींचा आवाज आला, “ते मी लगीन झायल्यापासशी सांगतंय. माजा कोन ऐकतंय?”

हिराजीशेठचा चेहरा पडला. त्याला वाटलं मीही विरोधी पार्टीला सामील झालो. मी त्याला बोल्टाची भानगड समजावली, बोल्ट खोलला आणि केबल बाजूला केली. खाली चेसिस पिवळीधमक. पान्याने खरवडून बघितलं तर रंगाचा थर असा, की पुरणपोळी बरी.

“शेठ, हा रंग कोणी दिला?”

“मी!” छाती पुढे काढून तो म्हणाला. “लगनासाठी. घरच्या घरी. एकेक बोल्ट खोलला, खालशी रंग दिला, सुकवला, परत लावला. बोल्टाच्या आट्यांत बी बारीक ब्रश मारला. नखाएवरी जागा नाय सोरली!”

म्हणजे मुलीच्या आधी गाडीला हळद लागली होती. आणि रंगातून करंट जात नाही. त्या माणसाने गाडीवर इतकी माया केली होती, की विजेलासुद्धा आत शिरायला फट ठेवली नव्हती. आधीचे चारही जण तो चकचकीत बोल्ट बघून फसले. चोर नेहमी मळक्या कपड्यांतच असतो असं त्यांना वाटत असावं.

“नाण्याएवढा रंग खरवडायचा,” मी म्हणालो. “दोन मिनिटांचं काम.”

“नाय.”

“काय नाही?”

“रंगाला हात नाय लावाचा. बोल्ट बदला, केबल बदला, पायजे तर बॅटरी नवी टाका. रंग नाय.”

एक जास्तीची केबल थेट इंजिनाला जोडून मला वेळ मारून नेता आली असती. पण आमच्या वर्कशॉपमध्ये असल्या जुगाडाला मी पोरांना अर्धा दिवस कोपऱ्यात उभं करायचो. मी हिराजीला परोपरीने समजावलं. करंटचा रस्ता बोटाने जमिनीवर काढून दाखवला. हायवेचं उदाहरण दिलं. वहिनी बाहेर येऊन म्हणाल्या, “रंग पोरीपेक्षा मोठा झायला काय?” प्रणाली येऊन म्हणाली, “बाबा, मी रिक्षाने जाते, त्यात काय!” त्यावर तो आणखीनच आडमुठा झाला. गाडीसमोर असा हात पसरून उभा राहिला, जसं काही मी बुलडोझर घेऊन आलोय.

मग लालजीभाई उठले. गाडीभोवती एक फेरी मारली. बोनेटवरून मायेने हात फिरवला.

“शेठ बरोबर बोलतात साहेब,” ते मला म्हणाले. “नका खरवडू. रंग एक नंबर आहे. माझ्याकडे अशीच येऊ दे.”

हिराजीशेठचे पसरलेले हात खाली आले.

“खरवर!” हिराजीशेठ ओरडला. “सायेब, आता खरवर!”

खरवडला. पॉलिश पेपर मारून लोखंड आरशासारखं केलं, बोल्टाचे आटे साफ केले, आवळलं. सेल्फ मारला. गाडी सुरू झाली, अंगणातून बाहेर पडली आणि समोरच्या गल्लीत ऐटीत उभी राहिली. लालजीभाईंनी रिकामा कप वहिनींच्या हातात दिला. “चाय चांगली होती,” एवढंच बोलले. हरलेल्या माणसाने याहून सभ्य वागलेलं मी पाहिलेलं नाही.

इथे ही गोष्ट संपायला हवी होती. वर्कशॉपमध्ये संपली असती. पण घरच्या गाड्यांना घरची माणसं असतात.

हळदीच्या दिवशी सकाळी फोन आला.

“सायेब,” हिराजीशेठ रडवेला होऊन म्हणाला, “ब्रेक दाबला, हॉर्न वाजला.”

शिरवण्यात पोचलो. अंगणात मांडव, मांडवात बायका, बायकांत हळदीचं ताट. गल्लीत गाडी. गाडीशेजारी प्लास्टिकची खुर्ची. खुर्चीवर लालजीभाई.

“तुम्हाला कोणी बोलावलं?” मी विचारलं.

“मी हळदीला आलोय. निमंत्रण आहे.” त्यांनी खरंच पत्रिका दाखवली. “पण हॉर्न ऐकला. म्हटलं, बसू इथेच.”

गाडीखाली गेलो. बोल्ट खोलला. खाली चेसिस पुन्हा पिवळीधमक.

“शेठ!”

“उघरा दिसत होता सायेब,” तो मान खाली घालून म्हणाला. “येवऱ्या लोकांत बरा नाय दिसत. बारकासा हात मारला.”

मी पुन्हा खरवडलं. खरवडता खरवडता माझ्या लक्षात आलं की हा माणूस मुलगी सासरी पोचायच्या आत तिसरा हात मारणार. करंटचा पाठ त्याला एकदा देऊन झाला होता, नापास मीच झालो होतो. आणि तेव्हा मला तो लिंबू-मिरचीवाला आठवला.

बोल्ट आवळला, गंज चढू नये म्हणून वरून पेट्रोलियम जेली चोपडली. मग बाहेर आलो, हळदीच्या ताटातून चिमूटभर कुंकू मागून घेतलं आणि गाडीखाली परत जाऊन त्या जेलीवर ठसठशीत टिळा लावला. जेलीवर कुंकू काय बसलं! जसं काही कंपनीतूनच आलंय.

“शेठ, खाली या. बघा. ही गाडीची देवाची जागा. हिला रंग चालत नाही. रोज सकाळी फक्त हात जोडायचे.”

हिराजीशेठने गाडीखाली झोपल्या झोपल्या हात जोडले. “आदी कनाला नाय सांगितला सायेब?” तो म्हणाला. “मी येरा हाय काय, देवावर रंग मारायला?”

वहिनी हे सगळं उभ्या उभ्या बघत होत्या. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, “भाऊ, माज्या कपाटाला बी यक अशी जागा दावून ठेवा. पुरच्या महिन्यात रंगाला त्याचा नंबर हाय.”

लग्न झालं. प्रणाली नवरदेवासकट पुढच्या सीटवर दाटीवाटीने बसली. हिराजीशेठने गाडी काढली. गल्लीच्या वळणावर ब्रेक दाबला. हॉर्न वाजला नाही. ते ऐकून, म्हणजे न ऐकून, मी मांडवाच्या खांबाला टेकलो. मग हिराजीने हॉर्नवर स्वतःच हात ठेवला, तो सासरच्या दारापर्यंत उचललाच नाही, असं सांगतात. दवाखान्यातून आणतानाही म्हणे असाच आणला होता.

गाडी आजही चालते. मी शिकवलेला करंटचा धडा शिरवण्यात एकालाही आठवत नाही. कुंकू मात्र सगळ्यांना आठवतं. गावातल्या निम्म्या पिकअप आणि टेम्पोंच्या अर्थच्या बोल्टाला हल्ली रोज टिळा लागतो. खालचा रंग कोणी खरवडत नाही, गंज कोणी काढत नाही. टिळा तेवढा ताजा असतो. मग एके दिवशी ब्रेक दाबला की हॉर्न वाजतो आणि मला होम व्हिजिटचा फोन येतो.

आमच्या धंद्यात ग्राहकाला खरं कारण सांगावं की त्याला पटेल ते सांगावं, यावर मी रिटायर होईपर्यंत पोरांना लेक्चरं दिली. आता माझं मत असं आहे, की पटेल ते सांगावं, पण खरवडायचं काम त्या पटण्यातच घालून ठेवावं, म्हणजे ‘आधी जागा खरवडा, मग टिळा लावा’. मी ते घालायला विसरलो.

तक्रार मात्र करत नाही. कारण मी पोचतो तेव्हा खुर्ची आधीच मांडलेली असते. लालजीभाई हल्ली चेसिसवर कुंकू दिसलं की चहा सांगतात. दोन.