तांबड्या कोपऱ्याचं बुकिंग

मीरा रोडच्या हंसाबेन बिल्डर म्हणजे भारी शिस्तीच्या बाई. आधी ब्रोशर छापायचं, मग बुकिंग घ्यायचं आणि वेळ उरलाच तर इमारतीचं डिझाइन करायचं! त्यांच्या ऑफिसातल्या स्ट्रक्चरल इंजिनिअर रसिकाला मात्र भलतीच खोड. नकाशा पक्का व्हायच्या आतच ती कॉम्प्युटरवर इमारतीचा कच्चा सांगाडा उभा करायची, त्यावर भार टाकून बघायची. कागदावरचा खांब हलवायला खोडरबर पुरतं, बांधलेला हलवायला देव आणावा लागतो, असं तिचं म्हणणं. ऐकतंय कोण!

२००६च्या दसऱ्याला नया नगरजवळच्या सात मजली इमारतीचं बुकिंग उघडायचं होतं. कोपऱ्यातल्या दुकानाची शोभा जाते म्हणून हंसाबेननी तिथला खांबच उडवला. रसिकाने कॉम्प्युटरची रंगीत प्रिंट त्यांच्यासमोर धरली. सगळी इमारत निळी, तो कोपरा तेवढा वरपर्यंत लालभडक.

"केटलुं सरस!" हंसाबेन खूश.

"बेन, लाल म्हणजे तिथे भार पेलत नाहीये. खांब हवाच."

"अरे, लाल तो शुभ असतो! तू टेन्शन नको घेऊ."

आणि तेच चित्र ब्रोशरच्या कव्हरवर झळकलं. खाली सोनेरी अक्षरांत, 'कॉम्प्युटरने तपासलेली इमारत'. खोटं कुठे होतं? तपासली होतीच की! नापास झाली, हे छापायला जागा उरली नसेल.

रसिका घरी रोज हेच सांगून डोकेफोड करायची. तिची आई मनोरमाबाई सीरियल बघता बघता "हो का?" म्हणायच्या. दसऱ्याला रसिका बुकिंगच्या मांडवात पोचते तर रांगेत पहिल्या मनोरमाबाई! जन्म भाड्याच्या खोल्यांत काढलेली बाई, नवी साडी नेसून, ब्रोशर छातीशी धरून उभी.

"कोपऱ्यातलाच फ्लॅट मागतेय गं. तुझं चित्र छापलंय ना!"

नोकरी? गेली खड्ड्यात! आईच्या हातातलं ब्रोशर घेऊन ती खुर्चीवर चढली आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशी ओरडली, "ये लाल कोना शोभा का नहीं है! नीचे खंबा नहीं, ऊपर सात माला! बैठ जाएगा!"

शिऱ्याचा प्रसाद संपायच्या आत मांडव रिकामा झाला. आठवड्यात खांब नकाशात परत आला आणि रसिकाचं टेबल दुसऱ्याला मिळालं. मनोरमाबाईंना तिथे फ्लॅट द्यायचा नाही, असंही हंसाबेननी बजावलं.

कितीतरी दिवस लेक घरात आली की मनोरमाबाई सीरियलचा आवाज वाढवायच्या. मग एकदा जेवता जेवता म्हणाल्या, "आपला कोपरा कोणी घेतला गं?"

"शाळेतल्या एका बाईंनी, आई."

"झोपतील बिचाऱ्या निवांत," मनोरमाबाई म्हणाल्या, आणि ताटावरच रडू लागल्या.