सिस्टरच्या घरचा पेशंट

तिला घरातही सगळे सिस्टरच म्हणायचे. सासू म्हणायची, नवरा चारचौघांत म्हणायचा, आणि गल्लीतली पोरं 'सिस्टरकाकू' म्हणायची. त्यात काही गंमत आहे हे त्यांच्या गावीही नसायचं.

सरकारी दवाखान्यात बायकांच्या वॉर्डात तिची नोकरी. ड्यूटी संपवून घरी आली, की चपला दारात, हात कोपरापर्यंत साबणानं धुवायचे आणि मग खुर्चीत बसून पाय समोरच्या स्टुलावर. तेवढ्यात दार वाजायचंच.

"सिस्टर, जरा बीपी बघता?"

ती बघायची. कुणाची जखम पुसून पट्टी बांधून द्यायची. स्टुलावरून पाय खाली घेताना तोंडातून "आई गं" निघायचं, ते दारातल्या माणसाला ऐकू जाऊ नये एवढीच काळजी घ्यायची.

एक गोष्ट मात्र ती करत नसे. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय कुणालाही इंजेक्शन देत नसे. त्यावरून गल्लीनं तिला शिष्ट ठरवून टाकलं होतं. कारण साधं होतं. वॉर्डात एका तरुण मुलीला इंजेक्शन दिल्या दिल्या तिचा चेहरा सुजला आणि डोळे मिटून गेले, हे तिनं पाहिलं होतं. डॉक्टर जवळ होते, ऑक्सिजन होता, औषधांचा ट्रे हाताशी होता, म्हणून मुलगी वाचली.

"माझ्या घरात काय आहे? ओट्यावर मिठाची बरणी," ती नवऱ्याला म्हणायची.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. "तुझं बरोबर आहे," म्हणायचा आणि पेपरात डोकं घालायचा.

मग एका सुट्टीच्या दिवशी वन्सं आल्या. वन्सं म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. दोन गल्ल्या पलीकडे राहायच्या, शिवणकाम करायच्या, तोंडानं फटकळ. अंगात ताप, घसा बसलेला. आल्या आल्या त्यांनी पिशवीतून औषधाची बाटली आणि सिरिंज काढून टेबलावर ठेवली.

"टोच पटकन. उद्या सकाळी लेकाला हॉस्टेलवर सोडायला जायचंय."

"चिठ्ठी कुठंय, वन्सं?"

"कसली चिठ्ठी? गेल्या वर्षी ह्यानंच बरं वाटलं होतं. दुकानदारानं ओळखून दिलं."

"चला, आत्ता डॉक्टरांकडे जाऊ. मी येते बरोबर."

वन्संनी तिच्याकडे नीट पाहिलं. "घरच्या माणसाकडे चिठ्ठी मागतेस? परक्यांचं सगळं काढतेस, धुतेस, आणि माझ्या दंडाला सुई लावायला तुला कागद हवा?"

"परक्यांनाही चिठ्ठीशिवाय देत नाही हो मी."

नवरा मध्ये पडला. "दे ना गं एकदा. कोण बघायला येतंय?"

सिस्टरला वाद घालायचं त्राण नव्हतं. आठवडाभर दुसऱ्या एका नर्सची ड्यूटीही तिनंच ओढली होती. तिनं नुसती नकाराची मान हलवली. वन्संनी बाटली पिशवीत टाकली आणि आईचा निरोपही न घेता निघून गेल्या.

कोपऱ्यावरच्या कंपाउंडरनं त्यांना ते इंजेक्शन देऊन टाकलं. दुसऱ्या दिवशी वन्संचा ताप उतरला, लेक हॉस्टेलवर पोचला, आणि संध्याकाळी भावाला फोन आला, "ठणठणीत आहे म्हणावं तुझ्या बायकोला."

सिस्टर तेव्हा कपड्यांच्या घड्या घालत होती. ऐकून तिला हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याच्या तळाशी काहीतरी किंचित हिरमुसलंही. ते तिचं तिलाच कळलं तेव्हा ती घडी तशीच टाकून मोरीत गेली आणि नळ सोडून उगाच हात धूत उभी राहिली. वन्संना काही व्हावं असं तिला कधीच वाटलं नव्हतं. मग हे काय होतं? एवढी दमलीयस तू, असं तिनं स्वतःला सांगितलं. पण ते पुरेसं उत्तर नाही, हेही तिला माहीत होतं.

वन्सं त्यानंतर वर्षभर घरी फिरकल्या नाहीत. आईला भेटायचं तर सिस्टरची ड्यूटी बघून, ती घरात नसताना यायच्या.

मग सासूला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा नवरा म्हणाला, "तुला काय, सवय आहे." तो वाईट हेतूनं बोलला नव्हता. पण दिवसभर वॉर्डात बायकांना कुशीवर वळवून यायचं आणि घरी तेच पुन्हा करायचं, याला सवय नाही, कंबर लागते, आणि तिची कंबर आता बोलायला लागली होती. दिवसा बघायला एक बाई ठेवली, ती आठवड्यात सोडून गेली. एका संध्याकाळी सिस्टरनं सासूची पाठ पाहिली. माकडहाडावर लाल चट्टा उठला होता. बोटानं दाबला तरी पांढरा पडेना. सासू दिवसभर पाठीवरच पडून होती.

"असं चाललं तर चार दिवसांत जखम होईल," ती नवऱ्याला म्हणाली आणि पलंगाच्या कडेला मटकन बसली.

त्यानं कधी नव्हे ते स्वतःहून बहिणीला फोन केला. दुसऱ्या दिवशी सकाळी वन्सं पिशवी घेऊन दारात उभ्या.

"मी आईसाठी आलेय," त्या भावाला म्हणाल्या, पण आतपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात.

"आधी हात धुवा," सिस्टर आतून म्हणाली.

तिनं वन्संना शिकवलं. वळवायच्या आधी सांगायचं, 'आई, आता डाव्या कुशीवर घेते.' त्या उत्तर देवोत न देवोत. ओढायचं नाही, कातडी घासते. गुडघ्यांमध्ये उशी, टाचा अधांतरी. पुसताना दार लावायचं आणि जेवढं पुसतोय तेवढंच उघडं ठेवायचं.

"माझीच आई आहे. घरात दुसरं कोण आहे?" वन्सं कुरकुरल्या.

"त्यांना विचारा, चालतं का."

सासूनं वाकड्या तोंडानं सांगितलं, "दा... दार लाव."

भरवताना मात्र भडका उडाला. वन्संनी आईला आडवंच ठेवून मऊ भाताचा मोठा घास दिला. सासूला ठसका लागला, चेहरा लाल झाला. सिस्टर दवाखान्याला निघता निघता धावली, सासूला बसतं केलं, पाठ धरून ठेवली. श्वास सरळ झाल्यावर वन्संवर ओरडली, "छातीत गेला असता घास! बसवून, छोटा चमचा, गिळलं का बघून दुसरा, किती वेळा सांगू?"

वन्संनी ताटली खाली ठेवून आईचं तोंड पुसलं. वॉर्डात पोचल्यावर सिस्टरला आपलाच चढलेला आवाज आठवत राहिला. पण माफी मागायचं घरी जाईपर्यंत राहून गेलं, आणि घरी पोचल्यावर झोप येत होती.

महिन्याभरात वन्संचा हात बसला. लाल चट्टा फिका पडला, गेलाही. एका संध्याकाळी सिस्टर दोन ड्यूट्या करून आली. तिनं हात धुतले, पलंगाशी गेली आणि काही न बोलता सासूच्या खांद्याखाली हात घालून वळवायला लागली. सासू दचकली. धड हातानं तिनं सिस्टरची बाही घट्ट पकडली.

"वळवायच्या आधी सांगितलं नाहीस तू आईला," दारातून वन्सं म्हणाल्या. आवाजात टोमणा नव्हता. म्हणूनच जास्त लागलं.

"चुकलं आई," सिस्टर म्हणाली. "घाबरलात ना?"

सासूनं बाही सोडली. "तुझे... हात गार," ती म्हणाली. "लेकीचे बरे." वन्संना हसू फुटलं, आणि मग सिस्टरलाही. हसताना तिच्या कमरेतून कळ गेली.

"तू बस," वन्सं म्हणाल्या. "मी वळवते." आणि मग त्या आईकडे वळल्या, "आई, आता उजव्या कुशीवर हं."

सासू आणखी वर्षभर जगली. पाठीला जखम म्हणून झाली नाही. एका दुपारी वन्संच्या समोरच, झोपेत गेली. सिस्टर तेव्हा वॉर्डात होती. इंजेक्शनाचा विषय दोघींत पुन्हा कधीच निघाला नाही. ना कुणी माफी मागितली, ना कुणी खरं-खोटं केलं.

पाहुणे पांगले, भाड्यानं आणलेला पलंग परत गेला, आणि सिस्टरनं रजा टाकून झोप काढायला घेतली. कुणी उठवायचं नाही, असं नवऱ्याला बजावून ठेवलं होतं. वन्सं आईचे कपडे आवरायला आल्या, तर ही भर दुपारी भिंतीकडे तोंड करून गाढ झोपलेली, उशाशी फोन वाजतोय. वन्संनी तो उचलला. वॉर्डातून होता. एक जण आजारी पडली होती, संध्याकाळची ड्यूटी करणारं कुणी नव्हतं.

"सिस्टर झोपल्यात," वन्सं हळू आवाजात म्हणाल्या. पलीकडून काहीतरी आर्जव झालं. वन्संनी ते सगळं ऐकून घेतलं. "हो, कळतंय मला. पण झोपल्यात त्या. दुसरं कुणी बघा." मग फोन ठेवला आणि कपाटाचं दार आवाज न करता उघडायच्या खटपटीला लागल्या.