छातीवरचे हात

मामांचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. पाचला इस्पितळाच्या तळघरातलं पाणी कोमट हवं. फार गरम पाण्याने कातडी लाल होते, गार पाण्याने माणूस काकडतो. अंगातल्या किरणोत्सर्गाच्या मोजणीला येणाऱ्यांना आधी आंघोळ घालण्याचं काम त्यांनी बावीस वर्षं केलं. घाई एकदाही केली नाही.

बायको म्हणायची, "जगाला आंघोळ घालता, घरात मात्र मोरीला फाटका पडदा!"

जवळच्या अणुवीज केंद्रात नळी फुटली, त्या आठवड्यात रोज साठ माणसं आली. किरणोत्सर्गी धूळ श्वासातून आत गेली का, हे जाड पोलादी दाराआडचं यंत्र सांगायचं. माणसाने खाली निजायचं, यंत्र वरून सरकायचं.

चौथ्या दिवशी तिथला गवंडी आला. दोन आंघोळी, दोन मोजण्या. आकडा दोन्ही वेळा छातीपाशीच चढला.

"फुप्फुसात गेलंय," तंत्रज्ञ म्हणाला.

गवंड्याचा चेहरा पडला. "पोरीला चार दिवस जवळ घेतलं नाही. आता कधीच नाही का?"

मामा टॉवेल घेऊन दाराशी होते. "साहेब, हा निजतो कसा ते पाहिलंत? हात छातीवर बांधून."

"मामा, तुम्ही बादली सांभाळा."

"तीच सांभाळतोय. हात अंगालगत सरळ ठेवून मोजा की एकदा."

मोजणीवर देखरेख करणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मोजा."

छातीचा आकडा खाली आला. चढला तो दोन्ही हातांपाशी.

मामांनी गवंड्याला स्टुलावर बसवलं. सिमेंटने भेगाळलेले तळवे, नखांच्या कडा. मऊ ब्रश, साबण, एकेक भेग. जोर लावायचा नाही. रक्त आलं की धूळ आत गेलीच.

"लग्नात तरी एवढे हात धुतले होतेस का रे?"

"लग्नात घाई होती, मामा."

पाऊण तास लागला. चौथ्या मोजणीत छातीही साफ, हातही साफ. पुढे तीन दिवसांच्या लघवीच्या तपासणीतही काही निघालं नाही. गवंडी पोरीला खांद्यावर बसवून दाखवायला आला. तंत्रज्ञाने मामांसाठी स्वतःची खुर्ची ओढली आणि पोलादी दारावर पाटी लावली : हात अंगालगत सरळ.

निवृत्तीच्या वर्षी साठवलेल्या पगारातून मामांनी न्हाणीघर बांधलं. फरशी त्याच गवंड्याने बसवली. मजुरी नको म्हणत होता.

"मी तुला धुतलं ते फुकट नव्हतं, पगार घेत होतो. गुमान घे."

पक्कं दार, आतून कडी, गरम पाण्याचा नळ. पहिली आंघोळ बायकोची. तासभर बाहेर आलीच नाही.