डॉक्टरीणबाईंची जीप

माझी नवी गाडी फक्त पुढच्या दोन चाकांच्या जोरावर चालते, हे मला ती पनवेलजवळच्या नेरे गावाबाहेर भाताच्या खाचरात रुतल्यावर कळलं. गाडी घेताना मी रंगाची चौकशी केली होती, छताला काच आहे का विचारलं होतं, मागच्या दारावर डोंगराचं चित्रही चिकटवून घेतलं होतं. चाकांचं विचारायचं राहिलं. चाकं चार दिसत होती. चारही कामाला असतील, असं मी सरकारी कचेरीत नोकरी करत असूनही गृहीत धरलं.

खाचरात गाडी घालायचं कारण सांगायला लाज वाटते. मला फोटो हवा होता. मागे डोंगर, पुढे गाडी, गाडीला टेकून मी. त्यासाठी मी रस्ता सोडून बांधावर चढलो आणि बांधावरून खाली घसरलो. लावणीचे दिवस होते. गाडीत शेजारी बायको, सुमन, पाय वर घेऊन बसली होती. ज्यांचं शेत होतं ते बाळारामदादा डोक्यावरचं इरलं सावरत आले आणि म्हणाले, "ओ सायेब, रस्ता तिकडं हाय. इकडं आमचा भात हाय."

मी ॲक्सिलरेटर दाबला. चाकं जागच्या जागी फिरली आणि बाळारामदादांच्या अंगावर त्यांच्याच शेताचा चिखल उडाला. ते शांतपणे म्हणाले, "आता तुमी काय पन करू नका. बाय येतील."

बाय आल्या. म्हणजे आधी एक आवाज आला, दळणाच्या गिरणीसारखा, आणि मग वळणावरून एक जुनीपुराणी जीप. दारं नाहीत, काच पुढच्या बाजूला बोनेटवर पाडलेली, जाळीच्या उभ्या फटींत गवताच्या काड्या अडकलेल्या. आत साठी कधीच ओलांडलेली एक बाई, गमबूट घातलेली, पांढऱ्या केसांना रुमाल बांधलेला. ह्या गुरांच्या डॉक्टर. सगळा मुलूख त्यांना डॉक्टरीणबाई म्हणायचा. त्यांनी उतरून माझ्या गाडीभोवती एक फेरी मारली. दारावरचा डोंगर नीट पाहिला. मग खिडकीत वाकून सुमनला विचारलं, "तुम्हाला कळलं नाही का हो, हे काय करतायत ते?"

"मी बांधावरच सांगितलं होतं," सुमन म्हणाली.

"मग ठीक आहे. घरात एकाला कळलं तरी पुरतं."

त्यांनी दोर बांधला. जीपमध्ये गिअरच्या दांड्याशेजारी एक छोटा दांडा होता, तो पुढे सरकवला. जीप घाईत अजिबात नव्हती. चारही चाकांनी जमीन धरली आणि म्हातारी बैलजोडी चालावी तशी ती चालू लागली. तिच्या मागून माझी गाडी, डोंगरासकट, बाहेर आली. त्या क्षणी मी त्या जीपच्या प्रेमात पडलो. ते प्रेम पुढे किती महागात पडणार होतं, याची तेव्हा कल्पना नव्हती.

पुढच्या रविवारी मी पेढे घेऊन त्यांच्या पनवेलमधल्या घरी गेलो. आभार मानायचे हे निमित्त. खरं म्हणजे मला जीपजवळ उभं राहायचं होतं. बाईंनी पेढे घेतले, मला एक बादली दिली आणि जीप धुवायला लावली. तिथून मी त्यांचा रविवारचा कंपाउंडर झालो. आमच्या कामोठ्याच्या घरून सकाळी निघायचं, बाईंबरोबर नेऱ्याच्या बाजूच्या वाड्यापाड्यांवर फिरायचं, शेळ्यांचे पाय धरायचे. कधीकधी सुमनही यायची. ती घरी गणिताच्या शिकवण्या घेते, रविवारी तिला मुलांपेक्षा म्हशी परवडायच्या.

बाईंची पहिली सवय म्हणजे उतरण्याची. ओढा आला की त्या जीप थांबवायच्या आणि काठी घेऊन पाण्यात शिरायच्या. पलीकडच्या काठापर्यंत चालत जायच्या, परत यायच्या आणि मग गाडी घालायच्या. नेहमीचा ओढा, नेहमीची वाट, तरी दर वेळी. मी एकदा म्हटलं, "बाई, सकाळी तर इथूनच गेलो."

"सकाळी गेलो ते सकाळच्या पाण्यातून," त्या म्हणाल्या. "दार असलेल्या गाडीत बसून तुम्हा लोकांचे पाय गेलेत. म्हणून हिला दारं नाहीत. उतरायला आळस नको."

दुसरी सवय जीपचा इतिहास सांगण्याची. गाय अडली की वाट बघण्यात वेळ जातो, आणि तो वेळ बाई बोनेटवर चहा मांडून घालवायच्या. बोनेट सपाट. त्यावर त्यांचं सगळं चालायचं: औषधं, डबा, कधी नुकतं जन्मलेलं कोकरू. "लढाईसाठी जन्मली ही," त्या सांगायच्या. "अमेरिकेच्या सैन्याला घोड्याच्या जागी काहीतरी हवं होतं. डोंगर चढेल, चिखलातून जाईल, आणि अडलीच तर शिपायांनी धरून उचलावी इतकी हलकी. देखणी करायला कुणाला वेळच नव्हता. म्हणून देखणी झाली." जीप हे नाव कुठून आलं यावर म्हणे अजून भांडणं चालू आहेत. त्यावर बाईंचं मत असं, की चांगल्या जनावराचं नाव कुणी ठेवलं ते कुणालाच आठवत नसतं.

लढाई संपल्यावर लोकांनी जीपला नांगर जोडले, तिच्यातून दूध वाहिलं. पुढे आपल्याकडेही सुटे भाग जहाजानं मुंबईला येऊ लागले आणि इथे जोडून जीप रस्त्यावर येऊ लागली. मग ती सरकारात शिरली. "नोकरीला लागले तेव्हा गावात जीप शिरली की माणसं एवढंच विचारायची, मतं, लस की पोलीस?" बाई सांगायच्या. "मी उतरले की एखाद्या घरातून कुणीतरी ओरडायचं, म्हशीवाली आहे, म्हशीवाली! मग लपलेले सगळे बाहेर यायचे."

त्यांची जीप तीच होती, नोकरीत त्यांना गावोगाव फिरवणारी. खात्यानं ती मोडीत काढली तेव्हा बाई स्वतः लिलावाला उभ्या राहिल्या. भंगारवाल्यांनी हातातले चहाचे पेले खाली ठेवले म्हणे, आणि जीप बाईंच्याच बोलीवर सुटली. ही हकिगत सांगताना त्या कधी हसायच्या नाहीत. "तिनं मला कुठे सोडलं नाही. मी कशी सोडू?" एवढंच म्हणायच्या, आणि लगेच माझ्यावर खेकसायच्या, "त्या शेळीचा पाय धर, शेपूट काय धरतोस?"

बाईंनी मला जीप चालवायला दिली ती एकदाच. एका वाडीवर म्हैस व्यायली आणि बसली ती उठेना. कॅल्शियम द्यायला हवं होतं आणि जवळच्या बाटल्या संपलेल्या. बाईंना म्हशीपासून हलता येईना. त्यांनी चावी माझ्या हातात दिली. "पनवेलला जा, दुकानदार मला ओळखतो. सरळ जा, सरळ ये."

वाडीवरून उतरताना चिखल होता, म्हणून मी छोटा दांडा पुढे टाकला. इथवर बरोबर. पण मग डांबरी रस्ता लागला आणि मी दांडा तसाच ठेवला. चार चाकांचं सुख कोण सोडतो? स्टिअरिंग जड लागत होतं. मला वाटलं, मर्द गाडी आहे, असणारच. पनवेलच्या एस.टी. स्टँडजवळ वळताना जीप बोकडासारख्या उड्या मारू लागली आणि भर चौकात आडवी उभी राहिली. ना पुढे, ना वळते. दांडाही हलेना. मागे रिक्षांची रांग. एक रिक्षावाला डोकं बाहेर काढून म्हणाला, "काका, वळवताय का कुस्ती खेळताय?"

मी बाईंना फोन केला.

"छोटा दांडा कुठे आहे?"

"पुढे."

पलीकडे म्हैस हंबरली.

"डांबरावर कधीपासून?"

"डांबर लागल्यापासून."

"अरे, मातीत चाकं थोडी घसरतात, म्हणून चालतं. डांबरावर चारही चाकं एकमेकांशी भांडतात. वळताना प्रत्येक चाकाला वेगळं चालायचं असतं. आता स्टिअरिंग सरळ कर, हळूहळू मागे घे, मग दांडा सुटेल."

मागे घ्यायला जागा नव्हती. रिक्षावाल्यांनी शिव्या देत रांग मागे सरकवली. जीप थोडी मागे गेली, कुठेतरी आत खट् आवाज झाला आणि दांडा सुटला. औषध घेऊन मी पोचलो तेव्हा म्हैस मान टाकून पडलेली. बाईंनी सुई लावली, बाटली उंच धरली, आणि आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत उभे. बऱ्याच वेळानं तिनं कान हलवले. मग पुढचे पाय. उठून उभी राहिली आणि पहिली लाथ तिनं माझ्या दिशेनं झाडली. बाई म्हणाल्या, "बघ, तिलाही कळलंय."

पुन्हा चावी मिळाली नाही. पण जीप आपल्याला मिळावी, ही माझी इच्छा काही गेली नाही. बाईंनी लग्न केलेलं नव्हतं. जीप पुढेमागे कुणाला तरी द्यावी लागणार होती. रविवारी तिला धुणारा, तिच्या नटबोल्टांना तेल पाजणारा माणूस माझ्याशिवाय होता कोण? नेऱ्याच्या एका फार्महाऊसवाल्यानं मागणी घातली होती, हे खरं. त्याला ती फाटकाशी उभी करून वर फुलांच्या कुंड्या आणि दिव्यांच्या माळा लावायच्या होत्या. बाईंनी त्याला विचारलं, "म्हशीला नथ घालून हॉलमध्ये उभी कराल का?" त्या दिवशी मी निर्धास्त झालो.

मग एका सकाळी, कोरड्या रस्त्यावर, बाईंनी जीप थांबवली. उतरल्या, पुढे गेल्या, पायानं रस्ता चाचपला आणि परत येऊन बसल्या. रस्त्यावर झाडाची सावली पडली होती, बाकी काही नव्हतं. "खड्डा वाटला," त्या म्हणाल्या. त्यांना उतरायची सवयच होती, त्यामुळे मला काही वाटलं नाही. सुमन मागे बसली होती. तिला वाटलं.

थोड्या अंतरावर ती म्हणाली, "बाई, आज मी चालवू का?"

मी हसलो. सुमनकडे लायसन्स होतं, तरी माझ्या नव्या गाडीला मी तिला कधी हात लावू दिला नव्हता. बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी जीप कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि शेजारच्या सीटवर सरकल्या. मी मागे गेलो, दोर आणि गमबुटांच्या शेजारी. सुमननं आधी सीट पुढे घेतली, आरसा लावला, दोन्ही दांडे हातानं ओळखून घेतले आणि मग निघाली. बाई समोर बघत होत्या. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "ओढा आला का?"

"आला," सुमन म्हणाली. "तुम्ही बसा. मी बघून येते."

त्या दिवसापासून चालवायची सुमन, तपासायच्या बाई. हातांना डोळे लागत नाहीत, म्हणायच्या. गाय गाभण आहे की नाही ते हातालाच कळतं. पण समोर पाहिलं की मधला भाग दिसेनासा झाला होता त्यांना, फक्त कडा दिसायच्या. डोळ्यांच्या डॉक्टरांनी हात टेकले. सांगलीच्या भाचीनं तिकडे राहायला बोलावलं, आणि एकदाच्या त्या हो म्हणाल्या. पनवेलचं घर आवरायला आम्ही दोघं गेलो. औषधांचं कपाट गुरांच्या नव्या डॉक्टरांकडे गेलं, गमबूट बाळारामदादांनी मागून नेले. त्यांच्या पायाला ते होणार नव्हते, तरी नेले. जीपबद्दल बाई चकार शब्द बोलल्या नाहीत.

मी तयारीत होतो. सोसायटीच्या सेक्रेटरीला पटवून पार्किंगमध्ये कोपऱ्याची जागा मिळवली होती. जीपच्या मापाची ताडपत्री शिवून घेतली होती. निघायच्या सकाळी मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. असल्या प्रसंगी काय बोलायचं तेही ठरवलं होतं: बाई, मी हिला जपेन.

भाचीची गाडी फाटकाशी उभी होती. बाई अंगणात आल्या आणि जीपभोवती फिरल्या, हात तिच्या अंगावरून फिरवत, कुठे सूज आहे का बघावं तशा. बोनेटपाशी थांबल्या. तळहात तिथेच ठेवून थोडा वेळ उभ्या राहिल्या. भाचीनं हाक मारली, तरी हलल्या नाहीत. मी घसा साफ केला.

"सुमन, हात पुढे कर," बाई म्हणाल्या.

चावी तिच्या हातात पडली.

"उभी ठेवू नकोस, गंजेल. नवे डॉक्टर मोटारसायकलवर हिंडतात. ओढ्याला पाणी आलं की ते अडणार आणि तिकडे जनावर अडणार. त्यांना पलीकडे नेत जा."

सुमननं वाकून बाईंच्या पायांना हात लावला, ओढणीनं डोळे पुसले आणि जीपमध्ये जाऊन बसली. मीही सवयीनं शेजारी जाऊन बसलो. तिनं स्टार्टर मारला. जीप खोकली. पुन्हा मारला. पुन्हा खोकली आणि गप्प झाली.

"बाई," मी म्हणालो, आणि आवाज ठरवला होता त्यापेक्षा रडवेला निघाला, "आणि मी?"

बाईंनी आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं. त्यांची नजर माझ्या कानाच्या बाजूला कुठेतरी गेली.

"तू खाली उतर आणि मागून ढकल. त्याला अक्कल लागत नाही."